आवण ते बुश : मलकापूरच्या रस्त्याची गोष्ट

मलकापूर वाटेवरचं गाव. उत्तरेकडे बऱ्हाणपूर, दक्षिणेकडे मोताळा ओलांडून राजूर घाट चढला की बुलढाणा, पश्चिमेला मुक्ताईनगर-भुसावळ आणि पूर्वेला नांदुरा, खामगाव, अकोला. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि सुरतेहून कलकत्त्याला जाणारा हमरस्ता, दोन्ही गावाला लागूनच जातात. नळगंगेकाठच्या या गावाचं नाव ऐन-ए-अकबरीत नरनाळा सरकारातला एक परगणा म्हणून येतं. १७६१ साली राघोबादादांच्या फौजेनं गाव लुटू नये म्हणून मलकापूरकरांनी ६०,००० रुपये मोजले, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. एवढी रक्कम उभी करणारं गाव नुसत्या शेतीवर मोठं झालेलं नसणार. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरही ते पोसलं गेलं असणार.

माल आला की चाक आलं आणि चाक आलं की झीज आली. आमच्या घरानं तीन पिढ्या या झिजेवर पोट भरलं. आजोबा बंडीच्या चाकांवर धावा चढवायचे. वडील हमरस्त्यावर ट्रकचे पाटे उतरवायचे. मी मोटारींचं 'खालचं काम' करतो, म्हणजे सस्पेन्शनचं. या तिन्ही कामांत जो एक लहानसा भाग सतत हाताखाली आला, त्याची ही गोष्ट आहे. लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून दोघांच्या मध्ये बसवायचा हा तुकडा. आज सगळे त्याला बुश म्हणतात.

वऱ्हाडात चाकांची वर्दळ फार जुनी नाही. रेल्वे येण्याआधी इथला कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जायचा. कारण जमिनीतच होतं. आमची काळी माती पावसात फुगते आणि चाक गिळते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला रुंद भेगा पडतात. अशा जमिनीवर पक्की वाट नसेल तर बैलाचा पाय चाकापेक्षा बरा.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग भुसावळकडून मलकापुरावरून पुढे सरकत गेला आणि १८६७ साली नागपूरला पोचला. १८७० साली जलंबहून खामगावला फाटाही निघाला. आता कापूस शेकडो मैल नेण्याची गरज उरली नाही, जवळच्या स्टेशनापर्यंत नेला की झालं. ते काम बंडीचं. हंगामात स्टेशनाच्या आणि जिनिंगच्या वाटेवर बंड्यांची रांग लागायची, आणि रांग लागली की लोहाराच्या भात्याला उसंत नसायची.

बंडीच्या चाकाच्या मधला जाड लाकडी गोळा म्हणजे तुंबा. त्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात ठोकून बसवलेली लोखंडी नळी म्हणजे आवण. आमच्याकडे कुणी आमणही म्हणतात. चाक आखावर फिरतं, पण तुंब्याचं लाकूड आखाला लागत नाही. आखाला लागते ती आवण. तिच्यात वंगण हवंच. एरंडीच्या तेलात काजळी कालवून ते घरीच तयार करायचे आणि बंडीखाली टांगलेल्या नळ्यात भरून सोबत न्यायचे. बंडीला हे ओंगण न देता लांबच्या गावाला निघालेला माणूस आमच्या आजोबांच्या लेखी माणसातच नव्हता.

आजोबांचं एक वाक्य मला अजून आठवतं : “आवण झिजली त झिजू दे, आख वाचला पाहिजे.” आमच्या धंद्याचं शास्त्र या एका वाक्यात आहे. दोन महागाच्या भागांमध्ये एक स्वस्त भाग मुद्दाम ठेवायचा आणि झीज त्याच्या वाट्याला द्यायची. तो वेळेवर बदलला की महागाचे भाग पिढ्या काढतात. आळस केला की झीज पुढे सरकते आणि मग आख जातो.

वऱ्हाडाची वेगवान गाडीही होतीच. बाजारहाटाला, लग्नाकार्याला जायची ती दमणी. हलकी, छोटी आणि चपळ खोंडांची. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळायचे ते त्याहून हलके छकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीमुळे २०१४ पासून बंद पडलेले पट २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले आणि २०२३ साली घटनापीठानंही त्यांना मान्यता दिली. पटाच्या चाकांचं काम वेगळ्याच नजरेनं करावं लागतं. कापसाच्या बंडीत आवण थोडी सैल असली तरी बंडी डुलत-डुलत पोचते. भरधाव पळणाऱ्या छकड्यात तेवढाच ढिलेपणा आला तर चाक लडबडतं, छकडा एका अंगाला ओढतो आणि बैलांची चाल मोडते. वेग वाढला की झिजेचं माप लहान होतं. मोटारीच्या कामात मी रोज हेच पाहतो. चाळीसच्या वेगानं मुकाट चालणारी गाडी ऐंशीला गेली की स्टिअरिंगमध्ये बोलू लागते.

आवणीनंतरचा बुश आमच्या घरात जिनिंगमधून आला. मलकापुरात सरकी काढायचे कारखाने आले, तेव्हा छताखाली लांबच लांब फिरते दांडे आले आणि त्यांना पेलणारी बेअरिंगं आली. ती गनमेटलची : तांबं, कथील आणि थोडं जस्त. लोखंडी दांडा गनमेटलमध्ये फिरला तर झिजतं ते गनमेटल, दांडा नाही. हंगामाच्या मध्यात बेअरिंग खाल्लं गेलं तर मुंबईहून नवं येईपर्यंत कारखाना बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. ते गावातच ओतायचं, लेथवर कातायचं आणि रात्रीतून बसवायचं. माझे वडील लहानपणी अशाच एका लेथवर पोऱ्या म्हणून लागले. ते सांगायचे की पुढे ट्रकचे बुश कातणं त्यांना अवघड गेलं नाही, कारण हाताला माप आधीच बसलेलं होतं.

१९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक तयार होऊ लागले आणि हळूहळू त्यांनी हमरस्ता भरून टाकला. आधी हा राष्ट्रीय महामार्ग ६ होता. नव्या क्रमवारीत त्याला ५३ हा आकडा मिळाला. ट्रकचा सगळा भार पाट्यांवर. पाट्याचं टोक गोल वळवून त्याचा डोळा करतात, डोळ्यात बुश, बुशात पिन आणि एका टोकाला शॅकल, म्हणजे पाटा दबला की त्याला लांब व्हायला जागा मिळते. बुशात ग्रीस पोचवायला निप्पल. मुक्ताईनगर ते नांदुऱ्यादरम्यानच्या काळ्या जमिनीवर रस्ता कितीही चांगला केला तरी पावसाळ्यानंतर त्याला लाटा यायच्या, कारण खालची माती फुगते आणि आकसते. त्या लाटांवर सोळा टनांची गाडी हेलकावे खाते आणि प्रत्येक हेलकाव्याला पिन बुशात थोडी फिरते. ग्रीस असेल तर बुश दोन हंगाम जातो, नसेल तर एकही नाही. वडील ट्रकखाली शिरण्याआधी नुसतं कान देऊन सांगायचे : कुरकुर आली तर बुश सुकला आहे, टणक ठोका आला तर बुश गेला आहे. कुरकुरीला ग्रीस पुरतं, ठोक्याला मात्र लेथच लागतो.

जीपगाड्यांचं काम त्याहून निगुतीचं. जुन्या विलीज बनावटीच्या जीपचे शॅकल आट्यांचे असायचे. बुशालाही आटे आणि शॅकललाही. ते आटे झिजले की जीप समोर पाहून चालायची आणि जायची भलतीकडे. निवडणुका आणि कापसाचा हंगाम एकत्र आले तर वडिलांच्या दारात जीपांचीच गर्दी.

मग रबर आलं. चार्ल्स गुडइअरनं १८३९ साली गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची युक्ती शोधली. ते लोखंडाला कायमचं चिकटवून बुश बनवायला मात्र पुढचं शतक लागलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात असे बुश मोटारींत आले आणि काम मुळातूनच बदललं. आवण, गनमेटल, आट्यांचा शॅकल, या सगळ्यांत एक भाग दुसऱ्यावर सरकतो, म्हणून वंगण लागतं. रबरी बुशात काहीच सरकत नाही. आत पोलादी नळी, बाहेर पोलादी नळी, मध्ये दोघींना चिकटलेलं रबर. चाक वर-खाली झालं की रबर पिळलं जातं आणि मोकळं होतं. गुडघ्यातल्या कूर्चेसारखं ते धक्काही पितं आणि दोन हाडं एकमेकांना लागूही देत नाही. त्याला तेल-ग्रीस लावायचं नाही, कारण साध्या रबराला तेलानं फुग येते आणि ते सडतं. पिढ्यान् पिढ्या ओंगणाची सवय असलेल्या हातांना हे पटायला वेळ लागला. मी कामाला लागलो तेव्हाही काही जुने मिस्त्री रबरी बुशाला मायेनं ग्रीस चोपडायचे.

या सगळ्या पायऱ्या एका गाडीत एकत्र भेटतात. ती स्टँडर्ड हेराल्ड. बुलढाण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ती माझ्याकडे आणली. त्यांच्या वडिलांची १९६० च्या दशकातली, दोन दारांची, मळकट पांढऱ्या रंगाची. ट्रायम्फ कंपनीनं हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात काढली, आकार दिला इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनं ती इथे बनवली, ९४८ सीसीच्या इंजिनाची. रस्त्यावर अँबॅसिडर आणि कुर्ल्याच्या फियाटचं राज्य होतं, तेव्हा चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली ही गाडी. तिची चेसिस आखूड करून ट्रायम्फनं १९६२ साली स्पिटफायर ही दोघांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. दोघींचं पुढचं सस्पेन्शन जवळजवळ एकच आहे. स्पिटफायरवर जीव टाकणारे लोक इंग्लंडात आजही पुष्कळ असल्यामुळे तिचे बुश नवे बनतात, आणि म्हणूनच बुलढाण्याची हेराल्ड आज जगू शकते. प्राध्यापकांच्या नात्यातल्या कुणी ते बुश तिकडून धाडले होते.

“राजूर घाट उतरताना समोरून खटखट येते,” ते म्हणाले. “ब्रेक दाबला की डावीकडे ओढते.”

“थांबा जी, आधी वरचं टोपण उघडू.”

हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट एका अंगानं पुढे उलटतं. चाक, स्प्रिंग, वरचा-खालचा आर्म, सगळं उघडं. माणूस टायरवर बसून काम करू शकतो. इतकी सोयीची गाडी मी दुसरी पाहिली नाही. पहार घालून आर्म हलवला तर बुशाची आतली नळी बाहेरच्या नळीत चक्क हिंदकळत होती. रबराला चिरा गेलेल्या आणि भोक अंड्यासारखं लांबट झालेलं.

खालच्या बाजूला तिचा जुना वंश दिसतो. उभ्या पोलादी दांड्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते पितळी रंगाच्या ट्रनियनमध्ये फिरतात. स्टिअरिंग वळवलं की चाक या आट्यांवर वळतं. ही जीपच्या शॅकलची आणि जिनिंगच्या बेअरिंगची भावंडं. तिथे ग्रीस नको, गिअरचं नव्वद नंबरचं घट्ट तेल हवं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. दांडा आतून गंजतो आणि एके दिवशी चाक मुडपतं. याच ट्रनियनमध्ये आडवे नायलॉनचे बुश, आणि आर्मच्या आतल्या टोकांना रबरी बुश. वंगणाचा काळ आणि रबराचा काळ वीतभर अंतरावर शेजारी-शेजारी.

जुना बोल्ट बुशाच्या नळीत गंजून बसला होता. डिझेल टाकून रात्रभर ठेवला, सकाळी बेतानं तापवला, तेव्हा सुटला. प्रेस असली तरी आर्म लहान असल्यामुळे मी जुनी रीत वापरतो. लांब बोल्ट, एका बाजूला बुशाच्या बाहेरच्या नळीवर बसेल असा सॉकेट, दुसऱ्या बाजूला जुना बुश आत घेईल असा पाइपाचा तुकडा. नट आवळत गेलं की जुना बुश सरळ बाहेर येतो आणि आर्म वाकत नाही. आर्ममधलं बुशाचं घर पॉलिश पेपरनं साफ केलं, नव्या बुशाला साबणाचं पाणी लावलं आणि त्याच रीतीनं उलट ओढून घेतला. दाब नेहमी बाहेरच्या नळीवर द्यायचा. आतल्या नळीवर दिला की रबराचा सांधा बसवतानाच तुटतो.

प्राध्यापकांनी पॉलियुरेथेनचे बुशही मागवले होते. शर्यतीच्या गाड्यांत ते घालतात. कडक असतात, चाकाचा कोन हलू देत नाहीत. पण ते पिळले जात नाहीत, सरकतात. त्यांना खास ग्रीस लागतं, आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा ते चेसिसला कळवतात. इंग्लंडच्या ट्रॅकवर ते शोभतात. मोताळ्याच्या रस्त्यावर साठीच्या चेसिसला ते नकोत, असं मी स्पष्ट सांगितलं. रबरच घातलं.

सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटी येतं, आणि घाईत नेमकं तेच सुटतं. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबकळत असतात. त्या अवस्थेत आर्मचे बोल्ट आवळले तर आतली नळी तिथेच घट्ट धरली जाते. गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, आणि चांगल्या बुशाच्या काही महिन्यांत चिंध्या होतात. म्हणून बोल्ट आधी नुसते हातानं लावायचे. गाडी चारही चाकांवर उभी करायची, पुढे-मागे ढकलायची, दोनदा दाबून सोडायची, आत माणसं बसवायची आणि मग शेवटचं आवळायचं. प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी आत बसले, मी खाली शिरलो. भार पडलेला असतानाच बुशाला त्याची जागा कळते. नंतर चाकांचा अलाइनमेंट बघितला आणि गाडी सोडली. घाटातली खटखट गेल्याचा फोन बुलढाण्याहून आला.

हे ज्ञान आता माझ्या डोळ्यांदेखत ओसरतं आहे, आणि त्यात कुणाचा एकाचा दोष नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे बुश डब्यात बंद, ठरल्या मापाचे आणि कुठेही मिळणारे. गावातल्या लेथवरची मोटारींची कामं कमी झाली. पुढच्या अनेक गाड्यांत बुश वेगळा मिळेनासा झाला. अख्खा आर्मच बदलायचा. पंधराएक मिनिटांत काम होतं, ग्राहक खूश, मिस्त्रीही खूश. रस्तेही बदलले. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोल्यादरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून याच महामार्गावर जागतिक विक्रम झाला. त्याच वर्षाअखेर समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आमच्या जिल्ह्यातून जातो, पण सिंदखेडराजा-मेहकरच्या अंगानं, मलकापुरापासून लांब. चांगला रस्ता हवाच. लोकांची हाडं आणि गाड्यांचे पाटे दोन्ही त्यामुळे वाचतात.

पण आजोबांचा हिशेब त्यामुळे खोटा होत नाही. स्वस्त भाग झिजावा आणि महाग भाग टिकावा, यासाठी बुश होता. बुशासाठी अख्खा आर्म फेकायचा म्हणजे आवण झिजली म्हणून आख विकण्यासारखं आहे. पैसा जातो, पोलाद जातं, आणि माप घेऊन बुश बनवणारा हातही जातो. उद्या आजच्याच गाड्या जुन्या होतील. कंपनी आर्म बनवणं थांबवेल, तेव्हा हेराल्डवाल्यांना मिळाले तसे चाहते सगळ्या गाड्यांना मिळणार नाहीत. तेव्हा गावचा लेथ, एक नायलॉनचा रॉड आणि अचूक माप, एवढ्यावर गाडी चालू ठेवता यायला हवी.

वडिलांची एक वही माझ्याकडे आहे. तेलकट पुठ्ठ्याची, गाडीचं नाव, बुशाचं बाहेरचं माप, आतलं माप, लांबी, धातू, आणि कुठे-कुठे शेरा : ‘रीमर शेवटी हातानं’. अशा वह्या मुक्ताईनगरपासून बाळापूरपर्यंतच्या जुन्या गॅरेजांत आणि लेथवाल्यांकडे नक्की असणार. दुकान बंद झालं की त्या रद्दीत जातात. माझी विनंती आहे की त्या रद्दीत घालू नका. तालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलांना त्या उतरवून घ्यायला लावा, आणि प्रत्येक मुलाकडून निदान एक बुश काढून, कातून आणि गाडी जमिनीवर उभी असताना आवळून घ्या. मी माझी वही त्यांना द्यायला तयार आहे. शिकवायलाही येईन.